जर्नलमध्ये नसलेला प्रयोग : टोमॅटो-चीजमधलं वांगं

एक सोपा प्रश्न. वांग्याला इंग्रजीत काय म्हणतात?

मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलो. आमच्या वर्गात भिंतीवर भाज्यांचा तक्ता होता आणि त्यात जांभळ्या चित्राखाली 'ब्रिंजल' असं लिहिलेलं होतं. पुढे अमेरिकन पुस्तकांत तेच 'एगप्लांट' झालं आणि इंग्लंडच्या पुस्तकांत 'ऑबर्जिन'. एकाच भाजीला तीन नावं कशी, याचा शोध घेतला तेव्हा कळलं की वांगं आपल्यापेक्षा जास्त फिरलेलं आहे. मूळ भारत आणि आसपासच्या प्रदेशातलं. इथून ते इराणमध्ये गेलं, तिथून अरबांकडे. अरबांनी मध्ययुगात ते सिसिली आणि स्पेनमध्ये नेलं. अरबी 'अल्-बादिंजान'चं फिरत फिरत फ्रेंच 'ऑबर्जिन' झालं आणि पोर्तुगीजमध्ये 'बेरिंजेला' झालं. हेच बेरिंजेला पोर्तुगीजांबरोबर समुद्रमार्गे परत भारतात आलं आणि त्याचं 'ब्रिंजल' झालं. म्हणजे भाजी आपली आणि तिचं इंग्रजी नाव मात्र जगाची फेरी मारून आलेलं!

आज ज्या पदार्थाबद्दल लिहितोय, तो याच प्रवासातला एक थांबा आहे. वांग्याचे काप, त्यांना ब्रेडच्या चुऱ्याचं आवरण, वर टोमॅटोचा सॉस आणि चीज. अमेरिकेत याला 'एगप्लांट पार्मेझान' म्हणतात. खालची मांडणी आपल्या जर्नलसारखी ठेवली आहे, कारण आपल्याला दुसरी कुठली मांडणी येते? फरक एवढाच की हे जर्नल सिनियरचं बघून उतरवलेलं नाही.

उद्देश

ओव्हन नसलेल्या साध्या घरात, पाच माणसांसाठी, बाहेरून कुरकुरीत आणि आतून मऊ असं वांगं तयार करणे. आणि प्रत्येक पायरी का करायची हे समजून घेणे.

इतिहास

(थिअरीच्या पेपरला दोन मार्कांना येईल एवढाच.)

मूळ पदार्थ दक्षिण इटलीचा. त्याचं नाव 'पार्मिजाना दी मेलान्झाने'. पार्मा हे गाव उत्तर इटलीत आहे, पण हा पदार्थ आपलाच असं म्हणणारे नेपल्सचे आणि सिसिलीचे लोक दक्षिणेतले. मग नाव पार्म्याचं कसं? काही म्हणतात, पार्म्याच्या चीजवरून. काही म्हणतात, सिसिलीच्या बोलीत खिडकीच्या झडपेच्या तिरप्या पट्ट्यांना जो शब्द आहे त्यावरून, कारण काप तसेच एकावर एक रचलेले दिसतात. वाद अजून मिटलेला नाही.

टोमॅटो तर इटलीचा नाहीच. तो अमेरिका खंडातून स्पेनमार्गे युरोपात आला. नेपल्समध्ये अंतोनिओ लातिनी नावाच्या माणसाने १६९० च्या दशकात छापलेल्या पाककृतींच्या पुस्तकात टोमॅटोचा सॉस आहे. म्हणजे शिवाजी महाराजांच्या काळात इटलीत टोमॅटोचा सॉस ही अजून नवलाईचीच गोष्ट असणार.

इटलीत हे काप बहुतेक घरांत नुसते तळतात किंवा पीठ-अंड्यात बुडवून तळतात. ब्रेडच्या चुऱ्याचं जाड आवरण ही अमेरिकेतल्या इटालियन लोकांची पद्धत. १८८० ते १९२४ या काळात चाळीस लाखांहून जास्त इटालियन अमेरिकेत गेले आणि त्यातले बहुतेक दक्षिणेकडचे होते. तिथे त्यांच्या स्वयंपाकाला नवं वळण मिळालं. आपण ही अमेरिकेतली पद्धत करणार आहोत.

सिद्धांत

या पदार्थाची सगळी थिअरी एका शब्दात सांगता येते : पाणी.

वांग्यात वजनाच्या सुमारे ९२ टक्के पाणी असतं. टोमॅटोत त्याहून थोडं जास्त, ९४-९५ टक्के. मोझरेला चीजमध्ये जवळपास अर्धं पाणी. म्हणजे आपण तीन ओल्या वस्तू घेतोय, त्यांच्यामध्ये ब्रेडचा कोरडा चुरा ठेवतोय आणि तो कुरकुरीत राहावा अशी अपेक्षा करतोय! ज्याने ज्याने हा पदार्थ करून लगदा खाल्ला असेल, त्याने पाण्याचा हिशोब केलेला नसतो. म्हणून पुढची प्रत्येक पायरी म्हणजे पाणी बाहेर काढणे किंवा पाणी आत येऊ न देणे, यापैकी एक आहे. टी.ई. मेकॅनिकलला आम्ही वर्षभर हीट ट्रान्सफर शिकतो. स्वयंपाकघरात कळतं की हीट ट्रान्सफरच्या मागोमाग मास ट्रान्सफर येतंच.

(१) मीठ का? वांग्याचा गर स्पंजसारखा असतो. पेशींमध्ये पाणी आणि पेशींच्या मधल्या जागेत हवा. हा स्पंज सरळ तेलात टाकला तर तो तेल पितो. कापांवर मीठ लावलं की ऑस्मोसिसने पेशींतलं पाणी बाहेर येतं, पेशी ढिल्या पडतात आणि हवेच्या जागा दबतात. स्पंज आवळला की तेलाला जागा कमी. मीठाने कडूपणा जातो असं सगळे सांगतात. आजकालची वांगी तशी फार कडू नसतातच, पण मीठामुळे जिभेला कडू चव कमी जाणवते हेही खरं.

(२) तीन थर का? कोरडं पीठ, मग अंडं, मग चुरा. ओल्या गुळगुळीत कापावर अंडं टिकत नाही, घसरतं. पीठ उरलेला ओलावा शोषून घेतं आणि खरबरीत पृष्ठभाग देतं. अंड्यातली प्रथिनं उष्णतेने घट्ट होतात आणि गोंदाचं काम करतात. चुरा म्हणजे आवरण. हे तिन्ही एका भांड्यात कालवून लावता येत नाही. भिंतीला प्रायमर आणि रंग एकाच डब्यातून लावत नाहीत तसंच.

(३) तळताना काय होतं? तेल १७५ ते १८० अंश सेल्सिअसला असेल तर आवरणातल्या पाण्याची लगेच वाफ होते. ती जोरात बाहेर पडते, म्हणून तेल आत शिरू शकत नाही. आपल्याला दिसणारे बुडबुडे तेलाचे नसून त्या वाफेचे असतात. आता गंमत बघा. बरंचसं तेल तळताना आत जात नाही, काप बाहेर काढल्यावर जातं. बाहेर काप थंड होतो, आतली वाफ पुन्हा पाणी होते, दाब कमी होतो आणि पृष्ठभागावर चिकटलेलं तेल आत ओढलं जातं. म्हणून काप काढल्या काढल्या, गरम असतानाच निथळला पाहिजे.

(४) चीज का वितळतं? दुधातल्या केसीन प्रथिनांना कॅल्शियम धरून ठेवतं. मोझरेला करताना आंबटपणा वाढवून पीएच सुमारे ५.२ ला आणतात, थोडं कॅल्शियम निघून जातं आणि गरम केल्यावर प्रथिनांचे धागे एकमेकांवरून सरकतात. तीच ती जाहिरातीतली लांब तार. प्रोसेस्ड चीजमध्ये आधीच क्षार घालून ते वितळवलेलं असतं, म्हणून ते छान पातळ होतं पण त्याची तार येत नाही. आणि पनीर? उकळत्या दुधात आंबट घालून केलेलं पनीर वितळतच नाही, कितीही वेळ ठेवा. त्यामुळे 'चीज नाही तर पनीर किसून घालू' हा सल्ला कोणी दिला तर हसून सोडून द्या.

साहित्य

भरताची मोठी वांगी २ (सुमारे ७०० ग्रॅम). देठ हिरवा आणि साल ताणलेली, चकचकीत बघून घ्या.
मीठ २ चमचे, फक्त कापांसाठी.
टोमॅटो १ किलो, लाल आणि पूर्ण पिकलेले.
लसूण ८ पाकळ्या, तेल ३ चमचे, चवीला मीठ, चिमूटभर साखर.
मैदा १ वाटी, अंडी ३, ब्रेडचा चुरा २ वाट्या. चुरा विकत आणायची गरज नाही. शिळा ब्रेड तव्यावर मंद आचेवर वाळवून मिक्सरमधून काढा.
मोझरेला २०० ग्रॅम, साधं प्रोसेस्ड चीज २ क्यूब.
बेझिलची पानं मिळाली तर ८-१०.
तळायला तेल.

अंडं न खाणाऱ्यांसाठी : अर्धी वाटी मैदा, २ चमचे कॉर्नफ्लोर, पाऊण वाटी पाणी, मीठ आणि मिरपूड यांचं भज्याच्या पिठापेक्षा पातळ मिश्रण. अंड्याच्या जागी हे वापरायचं.

बेझिलबद्दल एक गोष्ट सांगतो. ही आपली देवाची तुळस नव्हे, तिची बहीण. पण फालुद्यात घालतो तो सब्जा म्हणजे याच बेझिलचं बी. वाण्याकडून पाच रुपयांचा सब्जा आणून कुंडीत टाकला की महिन्या-दीड महिन्यात पानं मिळायला लागतात. तुळशीची पानं घालू नका. वासही वेगळा आणि आजीचा ओरडा वेगळा.

शाकाहारी मित्रांसाठी अजून एक. खरं पार्मेझान, म्हणजे इटलीचं 'पार्मिजानो रेज्जानो', कमीत कमी १२ महिने मुरवतात आणि ते बनवताना वासराच्या पोटातलं रेनेट वापरतात. तसा तिथला नियमच आहे. आपल्याकडच्या बऱ्याच कंपन्या सूक्ष्मजीवांपासून केलेलं रेनेट वापरतात. पाकिटावरचा हिरवा ठिपका बघूनच घ्या. वरच्या यादीत म्हणूनच पार्मेझान नाही.

कृती

पायरी १. वांग्याचे १ सेंटीमीटर जाडीचे गोल काप करा. पट्टी घेऊन मोजा असं म्हणत नाही, पण जाडी सगळीकडे सारखी हवी, नाहीतर एकाच घाण्यात एक काप करपेल आणि दुसरा कच्चा राहील. दोन्ही बाजूंना मीठ लावून चाळणीत एक तास ठेवा. खाली ताट ठेवायला विसरू नका.

पायरी २. तो तास फुकट घालवायचा नाही. टोमॅटोला तळाशी फुली मारून उकळत्या पाण्यात एक मिनिट ठेवा, गार पाण्यात काढा, साल हाताने निघते. चिरून बियांभोवतीचं पाणी थोडं काढून टाका. तेलात ठेचलेला लसूण घाला. तो लालसर व्हायच्या आत टोमॅटो घाला. झाकण न ठेवता मध्यम आचेवर ३५-४० मिनिटं आटवा. आपले टोमॅटो पाणचट आणि आंबट असतात, म्हणून साखरेची चिमूट. सॉस झाला की नाही याची परीक्षा : चमच्याने पातेल्याच्या तळावर रेघ ओढा. रेघ लगेच बुजली तर अजून पाणी आहे. दोन-तीन सेकंद तशीच राहिली तर गॅस बंद करा. बेझिल आता घाला.

पायरी ३. काप स्वच्छ फडक्यात घेऊन दाबून कोरडे करा. नुसते टिपायचे नाहीत, तळहाताने दाबायचे. या पायरीला आळस केला तर आधीचा एक तास वाया गेला म्हणून समजा.

पायरी ४. तीन ताटल्या ओळीने मांडा : मैदा, फेटलेलं अंडं, चुरा. डावा हात कोरड्याचा आणि उजवा ओल्याचा असं ठरवून घ्या, नाहीतर पाचव्या कापाला बोटांवरच आवरण चढतं. घोळवलेले काप दहा मिनिटं पसरून ठेवा, आवरण पकडतं.

पायरी ५. पसरट कढईत बोटाच्या अर्ध्या पेराएवढं तेल तापवा. चुऱ्याचा कण टाकला की लगेच वर येऊन फसफसला पाहिजे. एका वेळी पाचच काप. जास्त टाकले तर तेल थंड होतं, वाफेचा जोर जातो आणि तेल आत घुसतं. एका बाजूला दोन मिनिटं. काढल्यावर काप एकावर एक रचू नका. जाळीवर ठेवा किंवा पोळपाटाला टेकवून उभे करा. रचले तर वरच्याची वाफ खालच्याचं आवरण मऊ करते.

पायरी ६. पसरट डब्यात तळाला सॉसचा पातळ हात, त्यावर काप, प्रत्येक कापाच्या मध्यभागी एक चमचा सॉस, त्यावर चीज. कडा कोरड्या सोडायच्या. मग दुसरा थर, तसाच. तिसरा थर नको. खालचे काप वजनाने आणि ओलाव्याने बसतात.

पायरी ७. ओव्हन असेल तर २०० अंशाला २० मिनिटं. नसेल तर जाड बुडाच्या जुन्या कढईत बोटभर मीठ पसरा, त्यावर रिंग ठेवा, झाकण ठेवून दहा मिनिटं तापवा, मग डबा आत ठेवून मध्यम-मंद आचेवर २५ मिनिटं. झाकण किंचित तिरकं ठेवा म्हणजे वाफ बाहेर जाईल, नाहीतर तीच झाकणावर गार होऊन थेंब थेंब चीजवर पडते.

यात एक अडचण राहते. उष्णता खालून येते, त्यामुळे वरचं चीज वितळतं पण त्याला रंग येत नाही. त्यावर उपाय आपल्याच बाजूला सापडतो. गोव्यात बेबिंका करताना थर वरून भाजतात, भांड्याच्या वर निखारे ठेवून. आपण शेवटच्या पाच मिनिटांत लोखंडी तवा दुसऱ्या शेगडीवर कडक तापवायचा आणि झाकणाऐवजी कढईवर उपडा ठेवायचा. रेडिएशनने वरून रंग येतो. तवा सांडशीने दोन्ही बाजूंनी धरा.

पायरी ८. बाहेर काढून १५ मिनिटं थांबा. ही पायरी सगळ्यात अवघड. पण लगेच कापलं तर सॉस आणि चीज दोन्ही वाहतात.

निरीक्षणे

हा प्रयोग मी गेल्या सुट्टीत घरी केला. तेव्हा आईचा उजवा हात तीन आठवडे प्लास्टरमध्ये होता. बाबा कामावर, धाकटी बहीण शाळेत, आजीला दाताचा त्रास. सकाळची खिचडी आणि रात्रीचा बाहेरचा डबा, असं चाललं होतं. डबा चांगला असायचा, पण आजीला पोळी चावायची नाही आणि ती निम्मं ताट तसंच ठेवायची. आईला ते दिसायचं आणि तिचा हात बांधलेला.

आम्ही हॉस्टेलवाले घरी जातो ते पाहुण्यासारखे. 'पोरगा मेसचं खाऊन वाळलाय' म्हणून चार दिवस लाड होतात, पिशवी भरून चिवडा-लाडू घेऊन आपण परत येतो. या वेळेला लाड करणारा हातच बंद होता. म्हणून एक पदार्थ बाजारापासून ताटापर्यंत पूर्ण आपण करायचा, असं ठरवलं. वांगंच का, तर आजीला वांगं जिवापाड आवडतं आणि ती चातुर्मास पाळते. आषाढी एकादशी जवळ आली होती. त्यानंतर तिचं वांगं थेट चंपाषष्ठीला, भरीत-रोडग्याचा नैवेद्य झाल्यावर. म्हणून कांदेनवमीचा दिवस धरला. त्या दिवशी कांदा-वांगं भरपूर खाऊन घ्यायचं असतं, हे तर आपल्याकडे शास्त्रच आहे.

आई स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून बसली. म्हणाली, "काप मला येतात. पुढचं तुझं तू बघ." आपले वांग्याचे काप, म्हणजे तिखट-मीठ लावून तांदळाच्या पिठात किंवा रव्यात घोळवून तव्यावर परतलेले. अमेरिकेतला हा पदार्थ निम्म्यापर्यंत तोच आहे. त्यामुळे फडक्यात काप दाबताना आईने दोनदा सांगितलं, "अजून दाब, अजून पाणी आहे." माझी सगळी थिअरी तिने पाच शब्दांत सांगून टाकली.

एकूण २० काप झाले. त्यांचे तीन नमुने केले.

नमुना अ (अंडं) : आवरण जाड, चांगलं धरून राहिलं. सॉसखालीही सुटलं नाही.
नमुना ब (अंड्याशिवाय) : आवरण पातळ पण जास्त कुरकुरीत. हे आजीचे काप, म्हणून नव्या तेलात सगळ्यात आधी तळले आणि वेगळ्या डब्यात रचले.
नमुना क (तुलनेसाठी दोन काप, मीठ न लावता) : आतल्या वाफेने आवरण एका बाजूने सुटलं. निथळताना ताटलीत तेलाचा गोल डाग बाकीच्यांपेक्षा मोठा.

चाळणीखालच्या ताटात जमलेलं पाणी : जवळजवळ अर्धी वाटी. हे पाणी पोटात न जाता ताटात आलं म्हणूनच बाकीचं जमलं.

वेळेचा तक्ता :
चिरणे : १५ मिनिटे
मीठ लावून ठेवणे (त्यातच सॉस) : ६० मिनिटे
दाबणे आणि घोळवणे : २५ मिनिटे
तळणे : २० मिनिटे
रचणे : १० मिनिटे
भाजणे : २५ मिनिटे
थांबणे : १५ मिनिटे
एकूण : १७० मिनिटे
खाणे : १५ मिनिटे
भांडी घासणे : ४० मिनिटे (ही ओळ आईने सांगितली.)

धाकटीने पहिला काप काट्याने उकलून आत खरंच वांगं आहे याची खात्री केली आणि तरीही खाल्ला. बाबा काही बोलले नाहीत, पण सॉस पोळीला लावून संपवला. आजी म्हणाली, "हे तर आपलेच काप की रे. वर टोमॅटोचं सार घट्ट करून ओतलंयस, एवढंच." तिने चार काप खाल्ले. ताटात काही राहिलं नाही. आईने तिचं ताट उचलताना ते बघितलं, एवढी नोंद पुरे.

दक्षता

(१) गरम तेलाजवळ ओला हात आणि ओला काप नेऊ नका. पाण्याची वाफ होताना ते कितीतरी पटींनी पसरतं आणि तेल उडवतं.
(२) तेल पेटलं तर पाणी ओतू नका. गॅस बंद करा आणि झाकण ठेवा.
(३) कुकरमध्ये कोरडं तापवू नका. रिंग आणि व्हॉल्व्ह खराब होतात. कढईच वापरा.
(४) हा प्रयोग घरी करायचा आहे. हॉस्टेलच्या खोलीत कॉइलची शेगडी लावून तळायचा विचार कोणाच्या डोक्यात असेल तर तो तिथेच थांबवा. पलंग, गादी, वायरी आणि उकळतं तेल दहा बाय दहाच्या खोलीत मावत नाही.

स्केल-अप

आता इंजिनिअरिंगचा खरा प्रश्न. पाच जणांसाठी जमलं, दोनशे जणांसाठी जमेल का?

माणशी ४ काप म्हणजे ८०० काप. वांगी २८ किलो, टोमॅटो ४० किलो. मोठ्या कढईत एका वेळी १२ काप आणि एका घाण्याला ४ मिनिटं धरली तर ६७ घाणे, म्हणजे २६८ मिनिटं, जवळजवळ साडेचार तास नुसतं तळण. दोन कढया लावल्या तरी सव्वादोन तास. आणि घोळवायला एका कापाला अर्धं मिनिट धरलं तर एका माणसाची ४०० मिनिटं. मेसमध्ये दोन मावशी आणि एक काका आहेत. त्यांनी चपात्या कधी लाटायच्या?

म्हणून मेसच्या वांग्याचा रस्सा होतो. एका पातेल्यात फोडी, पाणी, मसाला आणि झाकण. दोनशे माणसांना वेळेवर वाढायचं तर तेच डिझाइन बरोबर आहे. फक्त त्यात पाणी बाहेर काढायची एकही पायरी नाही, म्हणून फोड गिळगिळीत लागते आणि ताटं धुवायच्या जागेजवळच्या पिंपात जाते. ते पिंप रोज रात्री आपण सगळेच बघतो. वांग्यात खोट नाही आणि मावशींच्या हातातही नाही. कमी पडतात ते हात.

आता तोच आकडा उलट करून बघा. घोळवायला २० पोरं बसली तर प्रत्येकाच्या वाट्याला ४० काप, म्हणजे २० मिनिटं. एवढा वेळ आपण जेवणाच्या रांगेत उभं राहून घालवतो. सगळा ताळेबंद बदलतो तो या एका पायरीने. आदल्या रात्री टोमॅटोचा सॉस, दुपारी मीठ, संध्याकाळी घोळवणं आपलं आणि तळणं काकांचं. चीज महाग पडेल, तेव्हा माणशी एक काप चीजचा आणि तीन नुसते सॉसचे. ओव्हनची गरजच नाही, गरम काप आणि वर गरम सॉस वाढायचा.

रेक्टर सर आणि मेस कमिटीतले सर-मॅडम हा लेख वाचत असतील, तर हॉस्टेल डेच्या जेवणासाठी हा लेखी प्रस्ताव समजावा. एकोणीस नावं मिळाली की विसावं माझं.

निष्कर्ष

(१) वांग्यातलं पाणी आधी काढलं तर वांगं तेल कमी पितं आणि आवरण टिकतं.
(२) सॉस आटवायला आणि शेवटी थांबायला वेळ द्यावाच लागतो. त्याला शॉर्टकट नाही.
(३) अंड्याशिवायही पदार्थ होतो, ओव्हनशिवायही होतो. फडक्यात दाबल्याशिवाय होत नाही.
(४) १५ मिनिटांच्या जेवणामागे १७० मिनिटं असतात, आणि त्यापुढे ४० मिनिटं भांडी. पुढच्या सुट्टीत घरी जाल तेव्हा हा तक्ता एकदा स्वतः भरून बघा. पदार्थ कुठलाही चालेल.